अभिनंदन, किसनभाऊ!

"किसनकाका, बैलं जिंकले तं फोटो राह्यते, मंग पोरी जिंकल्या तं काहून उडते?"

"हिंमत असन तं टाक," असं मुस्कान म्हणाली होती. म्हणून निकिताने आईच्या फोनवरून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाकलंच. दोघी अंगणातल्या बाजेवर पालथ्या पडून पाहत होत्या. ग्रुपवर सगळ्यात वर अ‍ॅडमिन किसनरावांची बैलजोडी, शंकरपटाच्या शर्यतीत पहिली आलेली, शिंगांना गुलाल. त्याखाली या दोघींच्या कबड्डीच्या टीमचा फोटो सकाळी फक्त दहा मिनिटं राहिला होता. तालुक्यात पहिल्या आल्या होत्या पोरी!

प्रश्न तर दोन मिनिटंही टिकला नाही. अ‍ॅडमिनने उडवला. पाठोपाठ बाबांचा फोन वाजला. "हो किसनभाऊ, हो," एवढंच बाबा म्हणत राहिले.

"झालं समाधान?" फोन ठेवून ते म्हणाले. "पोरींचे फोटो ग्रुपवर चांगले नाही दिसत म्हणते तो. अन् ते यवतमाळले जिल्ह्याची मॅच खेळाले जायाचं बी राहू दे आता."

निकिताचा चेहरा उतरला. मुस्कान गुपचूप चपला शोधायला लागली.

तूर पाखडणाऱ्या आईचं सूप थांबलं. "काव पोरी, डीपी बी काढता येते का त्याले?"

"नाही. तो ज्याचा त्याचा असते."

"मंग माहा गुलाब काढ अन् तुमचा फोटो लाव. अन् त्याच्या बैलायले अभिनंदन लिही. चांगले पळाले बिचारे."

निकिता हसता हसता बाजेवरून पडायचीच राहिली. मुस्कान एकच चप्पल घालून टीमच्या घराघरांत बायकांना हेच सांगायला पळत सुटली.

आईच्या पाठोपाठ सुखीबाईंचं अभिनंदन आलं. मग इंदुताईंचं. मग मुस्कानच्या अम्मीचं. चहा उकळेपर्यंत अकरा झाले. प्रत्येकाशेजारी तोच इवलासा गोल फोटो: सात पोरी, मधे ढाल, मुस्कानचे डोळे मिटलेले. आणि बैलांचं कौतुक किसनराव उडवणार कसे? ते आपले एकेकीला लिहीत होते, 'धन्यवाद ताई.' अकरा वेळा!

तेवढ्यात बारावं आलं. 'अभिनंदन किसनभाऊ.' गोल तोच. नाव मात्र, 'निकिताचे बाबा'.

बाबांना तर फोटो कुणी पाठवलाच नव्हता. म्हणजे सकाळच्या त्या दहा मिनिटांत बाबांनी फोटो ठेवून घेतला होता!

तिने वर पाहिलं. बाबा ओट्यावर, फोन हातभर लांब धरून, जसं काही झालंच नाही तसे बसले होते.

निकिता बाजेवर उभी राहिली. "आई, बाबा, मी विचारून नाही राह्यली, सांगून राह्यली. बुधवारच्या पहिल्या येष्टीनं मी यवतमाळले चालली. अन् जिंकून आलो का फोटो बाबा टाकतीन."