भिंतीवरचा नंबर

दोन खूर बाहेर आले होते आणि तोंडाचा पत्ता नव्हता.

तासभर गाय कळा देत होती. गोठ्यात सून आणि तिचे सासरे आबा, दोघंच. गाईचं नाव मास्तरीण, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे गृहपाठ मागितल्यासारखी बघायची. आत्ता मात्र तिची नजर कुणावरच ठरत नव्हती. पहिलंच वेत, आणि घरात दुसरं जनावर नाही.

आबांची तयारी तशी कशात कमी नव्हती. गुरांचा डॉक्टर एक आणि त्याच्या वाट्याला चाळीस गावं, मग तो वेळेवर येईल या भरवशावर कोण राहणार? पत्र्याच्या पेटीत उकळून वाळवलेल्या दोन मऊ दोऱ्या, नवा साबण, तेलाची बाटली, धुतलेली गोणपाटं, सगळं दोन महिने आधीच भरून ठेवलेलं. त्या तेलाला घरात कुणाची हात लावायची टाप नव्हती. सासूबाई म्हणायच्या, पोटच्या लेकीच्या बाळंतपणाला या माणसाने साधी चादर आणली नव्हती. डॉक्टरांचा नंबरही आबांनीच कधीच्या काळी गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहून ठेवला होता, वीतभर आकड्यांत. तो लावायची वेळ अजून आली नव्हती.

फक्त एक गोष्ट पेटीत भरता आली नव्हती. आबांच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजली होती. तो हात आत जाण्यातला नव्हता.

"आता तूच," ते सुनेला म्हणाले.

माहेरी धार काढण्यापलीकडे तिने गाईचं काही केलं नव्हतं. तिने भिंतीवर बघून नंबर लावला. चौथ्या रिंगला फोन उचलला गेला आणि बाईचा आवाज आला. म्हणजे नवीन डॉक्टरीणबाई आलेल्या दिसतात. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाईंनी नाव-गाव विचारलं नाही. खुरांचे तळवे कुठे बघतायत, जमिनीकडे की आभाळाकडे, ते विचारलं. जमिनीकडे. म्हणजे पुढचेच पाय, एवढं तरी बरं झालं.

"मॅडम, तुम्ही येता ना?"

"इथून कुणी निघालं तरी तीन तास लागतील. वासराकडे तेवढा वेळ नाही. फोन स्पीकरवर टाकून जवळच ठेवा. अंगठी काढा, खांद्यापर्यंत हात धुवा आणि तेल लावा."

आबांनी बाटलीतलं जपून ठेवलेलं तेल धो धो ओतलं. तिने डोळे मिटून हात आत घातला. एका पायावरून वर सरकत गेली. छाती लागली, मान लागली, आणि मान मागे डावीकडे वळलेली होती. तेवढ्यात कळ आली. कुणीतरी दाराच्या फटीत हात चेंगरावा तसं झालं. ती ओरडली.

कळ असेपर्यंत गप्प राहायचं, बाई सांगत होत्या, आणि कळ गेली की वासराला मागे ढकलायचं. आबांना हे पटेना. बाहेर काढायचं सोडून आत काय ढकलायचं? त्यांनी तोवर दोऱ्या हातात घेतल्याही होत्या. आता ओढलं नाही तर दोन्ही जीव जातील, असं ते म्हणायला लागले.

"आजोबा, दोरी खाली ठेवा," फोनमधून आवाज आला. "आत्ता ओढलंत तर गाय फाटेल."

ज्या माणसाने घरात कधी कुणाचं ऐकलं नाही, त्याने दोरी खाली ठेवली.

तिने ढकललं. पुन्हा कळ, पुन्हा थांबणं. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. नाही जमत मला, ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. बाईंनी समजूत काढली नाही. बोट वासराच्या तोंडात घाल, एवढंच म्हणाल्या. ती चाचपडत राहिली. ओठ लागले. बोट आत गेलं. काहीच झालं नाही. आणि मग, अगदी हलकं, कुणीतरी बोट चोखलं.

"जिवंत आहे!"

"मग रडतेस कशाला? खालचा जबडा मुठीत धर. दात हाताने झाक. आण वळवून."

तोंड वळलं. आता दोरीची पाळी. कळ आली की ओढायचं, तेही खालच्या बाजूला. तिसऱ्या कळेला वासरू सपकन गोणपाटावर आलं आणि निपचित पडलं. नाक पुसा. नाकात काडी घाला. चोळा, जोरात चोळा. दोघं चोळत राहिले.

वासरू शिंकलं.

आबांनी गोणपाटासकट वासरू गाईच्या तोंडाकडे सरकवलं. मास्तरणीने मान वळवून वासराला चाटायला घेतलं. सुनेने फोन घेतला आणि विचारलं, मॅडम, तुमचा दवाखाना कुठे? आबांना स्वतः येऊन भेटायचंय.

"दवाखाना नाही गं," बाई म्हणाल्या. "गावाचं नाव सांग, डॉक्टरांना मी कळवते, ते उद्या येऊन गाय तपासतील. मी कपडे शिवते. दोन वर्षांपूर्वी नवं सिम घेतलं, त्यात त्यांचा जुना नंबर माझ्या वाट्याला आला."

मग एवढं सगळं येतं कसं, सुनेने विचारलं. डॉक्टरांच्या मागे लागून शिकले, बाई म्हणाल्या, विचारून विचारून त्यांना वैताग आणला, वह्या भरल्या.

"पण कशासाठी?"

"पहिल्या माणसाला मी राँग नंबर म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्याला ते खरं वाटलं नसावं. संध्याकाळी त्याने परत लावला. म्हणाला, डॉक्टरांना सांगा, आता नाही आले तरी चालेल."