हात हलला

जोरात हलवला की घरच्यांना आपोआप लागणारा फोन, असा गाजावाजा करत ते मॉडेल बाजारात आलं आणि खिशातल्या खिशातही लागतं म्हणून त्याचं हसं झालं. बाबांकडे अजून तेच होतं. बस चालवणाऱ्या लेकीला येता-जाता त्यांचा फोन लागायचा आणि तिच्या काळजात धस्स व्हायचं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं, हात थरथरला."

आज रिंग वाजली आणि बसखाली येता येता एक सायकलवाला वाचला. संध्याकाळी तिने थेट नवा फोनच बाबांपुढे ठेवला. "हा कितीही हलवा, लागणार नाही."

बाबांनी जुना फोन उजव्या हातात घट्ट धरला.



"थरथरतो तो डावा, बाळा. फोन मी या हाताने हलवायचो."