एकशे पंच्याण्णव की दोनशे पाच

"रुंद टायर पाण्यावर तरंगतो," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग आपल्या हातात राहतं, पण गाडी नाय राहत."

"आणि कोरड्या वळणावर अरुंद टायर घसरतो, त्याचं काय?" तेजस्विनी म्हणाली.

मुंबई नाक्याजवळच्या दिनेशच्या टायरच्या दुकानात दोघं समोरासमोर उभी होती. मधे तिची लाल हॅचबॅक. टर्बो इंजिन, पाय ठेवला की उसळणारी गाडी. कंपनीने दिलेले टायर एकशे पंच्याण्णव रुंदीचे होते, आणि आता घासत आले होते. तिला त्याच रिमवर दोनशे पाच हवे होते. बाबांना जे होते तेच. होळीच्या आधीपासून हा वाद चालला होता, दर रविवारी, ह्याच दुकानात.

"काका, तुमचं ठरेपर्यंत मी म्हातारा होईन," चहाचे कप ठेवत दिनेश म्हणाला.

"व्हय की. हिला विचार. एवढी पुस्तकं वाचती, पण कंपनीवर विश्वास नाय."

"दहा मिलीमीटरचा तर प्रश्न आहे, बाबा."

"दहा मिलीमीटरनं काटा खोटं बोलाया लागंल. टायर उंच होतो थोडा. काटा ऐंशी दाखवंल आन् तू त्याच्या म्होरं असशील."

बाबा, म्हणजे सावळीराम, एसटीत ड्रायव्हर होते. नाशिक-सुरगाणा. सगळी नोकरी घाटात गेली. डेपोत गाडी काढण्याआधी टायर दांडक्याने ठोकून आवाज ऐकायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिच्या गाडीचे चारही टायर ते ठोकून बघत. हवा मशीनवर बघतात, हे तिने कितीदा सांगितलं होतं. मशीन हवा सांगतं, ते म्हणायचे, टायर थकला का ते नाय सांगत.

स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही, आणि कुणाची कधी मागितलीही नाही. रविवारी दुकानातून निघताना तेवढा हात पुढे करायचे. टायर किती उरलाय ते चालवल्याशिवाय कळत नाही, म्हणून. मग ते सीट मागे सारत, आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याने एक चक्कर व्हायची. वळणावर गिअर उतरवताना ते बोलत नसत. परत आल्यावर सांगायचे, "चालंल अजून आठवडाभर."

त्या रविवारी मात्र त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "घे बाई, दोनशे पाच घे. गाडी तुझी हाय."

दिनेश लगेच जॅक आणायला उठला.

"थांबा," ती म्हणाली. "आज नको. अजून एका ठिकाणी वाचायचं राहिलंय."

"जिंकलेलं माणूस असं पळतंय व्हय?" बाबा हसले. मग हात पुढे केला. "आण चावी."

बुधवारी सकाळी ते बेसिनपाशी दात घासता घासता खाली बसले. उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. तेजस्विनीला एका जागी बसवेना. पुस्तक उघडायची, तेच पान पुन्हा वाचायची, मिटून ठेवायची. जेवता जेवता ताटावरून उठायची. जिना उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची आणि वर यायची. थोड्या वेळाने पुन्हा खाली.

"आता तूपण ठोकून बघणार का?" शेजारच्या मालनबाई गॅलरीतून म्हणाल्या.

ती जिना चढून वर आली.

"सुरगाण्याला जाऊन येऊ," आई म्हणाली. "तुझ्या आत्याला येता आलं नाही. वाट बघत असेल. पण त्या घासलेल्या टायरवर मी घाटात बसायची नाही. त्यांना आवडलं नसतं."

म्हणून तेराव्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा दुकानात आली. दिनेश दहाव्याला येऊन गेला होता. आता काय बोलावं हे त्याला सुचत नसावं. त्याने चार नवे टायर बाहेर काढून ठेवले होते. दोनशे पाच.

"काकांनी शेवटी हो म्हटलं होतं ना," तो म्हणाला. "तुमच्या मनासारखं झालं, ताई."

ती टायरकडे बघत राहिली. हातातली चावी बोटाभोवती फिरत होती.

दिनेशने हात पुढे केला. "चावी द्या. रॅम्पवर घेतो."

तिने मूठ मिटली. "मीच घेते."

ती गाडीत बसली. क्लचवर पाय ठेवायला तिला पुढे सरकून अगदी सीटच्या कडेवर यावं लागलं. खिडकीतून दिनेशने ते पाहिलं.

"ताई, सीट केवढी मागे आहे. पाय तरी पोचतो का?"

"टोकाने पोचतो."

"मग पुढे घ्या की. खाली कडी आहे बघा."

"माहितीये," ती म्हणाली.

दिनेश खिडकीपासून मागे सरला. तिने गाडी रॅम्पवर घेतली, इंजिन बंद केलं, आणि उतरली नाही.

"ते टायर आत ठेवा. एकशे पंच्याण्णव घाला."

"आता?" तो गोंधळला. "एवढे महिने भांडलात काकांशी. आणि ते कबूल झाल्यावर आता तुम्हीच..."

"त्यांचं बरोबर होतं."

"मग तेव्हाच म्हणायचं ना, ताई. आनंद झाला असता त्यांना."

तेजस्विनीने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"पहिल्याच रविवारी पटलं होतं मला," ती म्हणाली. "पण टायर ठरले असते, तर बाबांनी चावी मागितली नसती."