अराफातचं ऊन

व्हिडिओ कॉलवर भाईने फोन फिरवून अराफातचा डोंगर दाखवला. हाजींच्या कपड्यांनी तो पायथ्यापासून पांढरा झाला होता. दाभोळच्या घरात त्याची बहीण जुबेदा फोनकडे वाकली. आज हजचा मुख्य दिवस. सूर्य मावळेपर्यंत त्या डोंगराभोवती केलेली पापांची तौबा कबूल होते.

"माझ्यासाठी दुआ केलीस?" तिने विचारलं. "नवरा मात्र मागू नकोस आता. दात हलायला लागलेत."

भाई हसला नाही. "बाणकोटच्या मुकादमांचा होकार आला होता, जुबेदा. तुला पसंत नाही, असं मीच कळवलं. तू गेली असतीस तर अम्मीचं कोणी केलं असतं?"

मुकादमांचा बोटीवर काम करणारा तो उंच मुलगा तिला आवडला होता. त्यांनीच आपल्याला नाकारलं, असं ती आयुष्यभर समजत आली होती.

"माणसाशी केलेला गुन्हा त्या माणसानेच माफ करावा लागतो," भाई रडत म्हणाला. "हजला निघताना मी सगळ्यांकडे माफी मागत फिरलो. तूही 'माफ' म्हणालीस. त्यात हे धरू ना?"

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस?"

"नसते. आणि ते 'माफ' मी परत घेतलं, भाई."

"असं नको करू. अजून ऊन आहे इथे. एकदा म्हण."

दाभोळला अंधार पडला होता. तिने फोन ठेवला नाही. तिथला सूर्य मावळेपर्यंत ती गप्प त्याच्याकडे बघत राहिली.