ताणातलं हिरवं झाड

बांधाकडच्या झाडानं पानं गुंडाळली होती.

द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. उजेड चांगला पडला होता, तळ्यावरचं धुकंही उठलं होतं. नजरेची चूक म्हणायचीही सोय नव्हती. बाकीच्या मोसंबीसारखंच तेही पिवळं पडलं होतं, बुडाशी पानांचा खच. एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

मोसंबीला ताण द्यावा लागतो. मार्गशीर्षात बागेचं पाणी तोडायचं, झाडं तहानेनं पार कोमेजू द्यायची, आणि मग पाणी सोडलं की तीच झाडं फुलांनी लदबदून जातात. मधेच कुणाला दया आली आणि पाणी पाजलं, की ते झाड हिरवंगार राहतं आणि बहाराला मुकतं. तिचा नवरा कारभारी या बाबतीत मोठा करडा. जालन्याच्या मोंढ्यात त्याच्या मोसंबीला नाव होतं ते उगाच नाही. तळं बागेला लागूनच, पण ताणाच्या दिवसांत तिथून तांब्याभर पाणी कुणी आणलं तरी त्याला खपायचं नाही.

आणि पोरगा मच्छिंद्र निघाला असा हळवा! बागेचा पुढचा तुकडा कारभारीनं कॉलेजला दिला, ब्याऐंशीला तिथं वर्ग भरले आणि पहिल्याच वर्षी मच्छिंद्र घरच्या बागेतून चालत कॉलेजला जाऊ लागला. बांधाकडचं झाड त्यानं लहानपणी स्वतःच्या हातानं लावलेलं. त्याची तहान त्याला बघवेना. पहाटे तळ्यावरून डबा भरून आणायचा आणि गुपचूप बुडाशी ओतायचा. एकदा बापानं धरला आणि कॉलेजच्या पोरांदेखत मुस्काटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पोरगं आणखी लवकर, अंधारातच गेलं. घाईत गाळावरून पाय घसरला. सकाळी पाण्यावर नुसता डबा तरंगत होता.

"तुमच्या तानानं महं लेकरू खाल्लं," द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पुढं सरकवायची, आत निघून जायची. भावकीनं समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. कारभारीही गप्पच. पोराचं नाव पुन्हा त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही, डोळ्यांत टिपूस कुणी पाहिलं नाही. दगड आहे दगड, असं ती शेजारणींना सांगायची. वर हा माणूस रोज पहाटे त्याच तळ्यावर आंघोळीला जायचा आणि ओल्या धोतरानं परत यायचा. त्या पाण्याची याला शिसारी कशी येत नाही, म्हणून ती आतल्या आत जळायची. तिनं स्वतः तळ्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पुढच्या ताणात सगळी बाग सुकली, ते एक झाड मात्र हिरवं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं सांगायची, पहाटे धुक्यात कुणीतरी डबा घेऊन जातं, हाक मारली तर थांबत नाही. कोण ते द्वारकाबाईला विचारावं लागलं नाही. महं लेकरू येऊन राह्यलं, ती चारचौघांत म्हणायची, अगदी नवऱ्याच्या देखत. लेकराला बुजवायला नको म्हणून झाडाजवळ जायची नाही. लांबूनच तो हिरवेपणा डोळे भरून बघायची. त्या झाडाला एक फळ धरत नव्हतं. वांझ झाडावर दुसऱ्या वर्षी कुऱ्हाड चालवणाऱ्या कारभारीनं त्याला मात्र कधी हात लावला नाही. भ्याला असंल, असं तिनं धरून चाललं.

यंदा मुलींच्या वसतिगृहासाठी कॉलेजला तो कोपरा हवा होता. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब काल घरी येऊन बसले. पोरगं येत राहील तोवर वीतभर जागा मिळायची नाही, तिनं सांगून टाकलं. माणूस भला, वाद घातला नाही, उद्या सकाळी झाडच बघू म्हणाले. आता ते तिच्या मागं उभे होते.

"सुकलंय की हो, वहिनी," ते हलकेच म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती झाडाजवळ गेली. पोरगं रुसलं का? आपलं काही चुकलं? की कायमचंच गेलं, आईला न सांगता? तिनं खोडाला हात लावला, वाकून बुडाची माती चिमटीत धरली. माती भुकटीसारखी कोरडी. खोडामागं, गवतात, एक डबा पालथा पडला होता. तारेची कडी हातात रुतू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळलेली. लाल चिंधी, पटक्याची. तसा पटका तिच्या घरात एकच माणूस बांधत होता.

मच्छिंद्र तर इतकी वर्षं मेलेलाच होता. औंदा नव्यानं कोण गेलं होतं?

भाद्रपदात कारभारी गेला होता.

ती डब्याशेजारी खाली बसली. लेकरू येतं म्हणून ती गावभर सांगत होती, आणि ते ऐकत तो मुकाट जेवत होता. एकदा तोंड उघडलं असतं तर त्याच्यावरचा डाग पुसला असता. पण तिचं लेकरू पुन्हा मेलं असतं. तिला हुंदका आवरेना. अण्णासाहेब काही न कळून दुसरीकडं बघत राहिले.

मग ती उठली. डबा उचलला.

"झाड ऱ्हाऊ द्या, अण्णासाहेब. पानी घालनारं हाये अजून."

ती बांध उतरली आणि तळ्यात शिरली. घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं. लुगड्याचा काठ भिजून पायांना चिकटला. तिनं डबा बुडवला, आणि नवऱ्याशी बोलली.

"अवो, पानी लई गार हाये. रोज कसे येत होते तुमी?"