बाकावरची पोरगी

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत तात्यासाहेब पत्नी द्वारकाबाईंना गुलमंडीजवळच्या थिएटरात एकच मुका विनोदी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायला नेत. बायका चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बसत. चित्रपटातला धांदरट शिपाई हौदात पडला, की त्यातलीच बाकावरची गोरी पोरगी हसे आणि पुरुषांमधून तात्यासाहेबांचे सातमजली हसू येई. घरी ते तसे कधीच हसले नाहीत. त्या पोरीचा मत्सर द्वारकाबाईंनी साठ वर्षे जपला.

तात्यासाहेब गेले, तरी त्यांची काळी टोपी खुंटीवरून द्वारकाबाईंनी कुणाला हलवू दिली नव्हती.

आज सुनेने, आशाबाईने, तोच चित्रपट टीव्हीवर लावला. द्वारकाबाईंना त्यात हसण्यासारखे काहीच दिसेना. शिपाई पडला आणि तात्यासाहेबांचे ते हसू खोलीत घुमले.

"आवाज कमी कर."

"आत्याबाई, मुका हाय तो. आवाज कुठला?"

"परत लाव."

या खेपेला हसू येताच पोरीने झगा सावरून शेजारी जागा केली.

"निलाजरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा पोरीच्या डोक्यावर काळी टोपी होती.

"आशा, खुंटीवर टोपी आहे ना?" त्यांनी मान न वळवता विचारले.

सुनेने वळून पाहिले, तर खुंटी रिकामी होती.