नऊनंतरची वेळ

पार्किन्सनच्या रुग्णांसाठी योगशिक्षिका मुक्ताने महिनाभर खपून खुर्चीवरची आसनं बसवली होती. तरी पंचवटीतल्या सभागृहात सकाळी सातला सगळे ताठरून बसायचे, हात खांद्यापर्यंतही जायचे नाहीत. आज पुंजाकाका दारातच थिजले, पाऊल उचलेना. “प्रयत्न तरी करा, काका!” मुक्ता वैतागून ओरडली. काकू म्हणाल्या, “ताई, ह्यांची गोळी आठला असते, बाकीच्यांचीबी तशीच. नऊपर्यंत अंग मोकळंच होत नाय. तुम्ही विचारलंच नाय.” मुक्ताला स्वतःचाच संताप आला. तिने सभागृहाच्या विश्वस्तांना फोन लावून नऊनंतरची वेळ मागितली. “तेव्हा हॉल भाड्याने जातो. सातलाच जमेल,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. आठला वर्ग आटोपून बाकी सगळे गेले. काकांना चालवेना, म्हणून गोळी देऊन मुक्ता आणि काकू त्यांच्यासह पायरीवर बसल्या. सव्वानऊला साखरपुड्याची माणसं आली. त्यांना वाट द्यायला काका आपणहून उठले आणि सहज चालत बाजूला झाले.